गांजा सोडायचाय? आधी संध्याकाळच्या सहाचं बघा

जत्रेच्या नाटकात, तिसऱ्या अंकात, मी अडलो. ऐतिहासिक नाटक, मी सरदार, समोर महाराज उभे आणि माझ्या तोंडात शब्द नाही. विंगेतून मास्तरांनी ओळ दिली. ऐकली मी, पण जिभेपर्यंत येईस्तोवर तिचं शेपूट तेवढं उरलं. मास्तरांनी परत दिली, आता इतक्या मोठ्याने की पुढे चटईवर बसलेल्या पोरांनीच ती मला सांगितली. देवळापुढचं अख्खं पटांगण हसलं. आमच्या गोव्यातल्या पेडण्यात पिऊन गटारात पडलेल्याला लोक माफ करतात, रंगमंचावर अडलेल्याला करत नाहीत.

त्या दिवशी दुपारपासून मी चार जॉइंट ओढले होते. त्यात विशेष काही नव्हतं, रोजचाच हिशेब तो.

हरमलला माझ्या चार खोल्या आहेत आणि नऊ स्कूटर भाड्याला. अकरा वर्षं ओढला. पहिल्यांदा सोडायला गेलो तो फसलो, दुसऱ्यांदा सुटला. दोन्ही वेळा काय केलं, कुठे चुकलो आणि नंतर डॉक्टरांकडून काय कळलं, ते इथे लिहितोय. ओढायचा कसा ते इथे मिळणार नाही. ते शिकवणारे किनाऱ्यावर फुकट भेटतात.

आधी मोजा, मग सोडा

पहिला आठवडा काहीच सोडू नका, फक्त लिहा. मी स्कूटरच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहायचो: किती वाजता, काय, कोणाबरोबर, आणि ओढण्याआधी काय चाललं होतं. आठवड्याने पान बघितलं तेव्हा लाज वाटली. मी लोकांना सांगायचो, ‘संध्याकाळी एखादा, गंमत म्हणून.’ पानावर दिवसाला पाच-सहा होते. पहिला सकाळी साडेसातला, चहाच्या आधी. दिवसातला पहिला जितका लवकर, तितकी गाठ घट्ट. महिन्याचा खर्च जोडला तर एका जुन्या स्कूटरचा हप्ता निघत होता.

लिहिताना एक गोष्ट मुद्दाम बघा: तंबाखू आहे का? आपल्याकडे बहुतेक जण चरस असो वा गांजा, सिगरेट रिकामी करून तिच्या तंबाखूत मळतात. मीही तेच करायचो. म्हणजे मला दोन सवयी होत्या आणि मी एकच मोजत होतो. पहिल्या खेपेला फसलो ते इथेच. गांजा सोडला आणि त्याच्या जागी सिगरेट आली, दिवसाला वीस. तीन आठवड्यांनी एका मित्राने त्याच सिगरेटमध्ये ‘थोडंसंच’ मिसळून दिलं, आणि मी परत पहिल्या घरात. तेव्हा दोन्ही एकदम सोडायचं की तंबाखूला निकोटीनचा आधार द्यायचा, हे आधीच ठरवा. दोन मिलिग्रॅमचं निकोटीन च्युइंग गम फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळतं. ते बडीशेपेसारखं कराकरा चावायचं नसतं. चार-पाचदा चावून गालात ठेवायचं, चव गेली की परत चावायचं. मला फार्मसीवाल्याने हे सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी सगळा रस गिळला आणि दुपारभर उचकी लागली.

आत नक्की काय होतं

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण मला उपयोग झाला तो याचाच. रात्री तीन वाजता घामाने भिजून बसलेल्या माणसाला आपल्या अंगात काय चाललंय हे कळलं तर तो जरा कमी घाबरतो.

गांजातली नशा टीएचसी नावाच्या द्रव्याची. इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी ते १९६४ साली शुद्ध रूपात वेगळं काढलं. मग प्रश्न आला, मेंदूत याला बसायला जागाच का असावी? उत्तर १९९२ मध्ये सापडलं, तेही मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत. आपलं शरीर स्वतःच त्याच जागी बसणारं एक द्रव्य बनवतं. त्याला नाव दिलं आनंदमाइड, आपल्या संस्कृतमधल्या ‘आनंद’वरून. म्हणजे मी पैसे देऊन विकत घेत होतो त्याची छोटी गिरणी माझ्या डोक्यात आधीपासून चालू होती.

बाहेरून रोज माल येऊ लागला की त्या जागा, ज्यांना सीबी-१ म्हणतात, कमी होतात, मंद पडतात. म्हणून पूर्वी दोन झुरक्यांत यायची ती लहर पुढे दोन जॉइंटलाही येत नाही. आणि बाहेरचा माल बंद झाला की काही दिवस काहीच गोड लागत नाही. जेवण नाही, गाणं नाही, बायकोचं बोलणंही नाही. पण या जागा परत येतात. रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या तपासण्यांत दिसलंय की सुमारे चार आठवडे बंद ठेवलं की त्या पुष्कळशा पूर्ववत होतात. मी कॅलेंडरवर अठ्ठावीस दिवस मोजले ते म्हणूनच.

याच जागा मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात खच्चून असतात, आणि नवीन गोष्ट लक्षात ठेवण्याचं काम तिथे चालतं. म्हणून ओढलेल्या माणसाला पंधरा वर्षांपूर्वीचं गाणं येतं, पण दोन मिनिटांपूर्वी किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही. माझ्या सरदाराचं काय झालं ते मला उशिरा कळलं. पाठांतराला मी ओढूनच बसायचो, ‘एकाग्रता येते’ म्हणून.

अजून एक. टीएचसी चरबीत मुरतं. दारूसारखं दुसऱ्या दिवशी निघून जात नाही. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत ते महिनाभर, कधी त्याहून जास्त दिवस सापडतं. माझा मावसभाऊ तारवटी, म्हणजे जहाजावरचा खलाशी, व्हायला निघाला होता, क्रूझवर. वैद्यकीय तपासणीच्या आधी दहा दिवस लिंबूपाणी, व्हिनेगर, कोणी सांगितलं म्हणून आवळ्याचा रस, सगळं करून झालं. कागद परत आला. धुऊन निघत नाही ते, वेळ द्यावा लागतो. मुंबईला जाऊन केलेली कागदपत्रं, एजंटचे पैसे, सगळं त्या बाटलीत गेलं.

‘अरे, ते तर झाड आहे, नैसर्गिक आहे’ असं म्हणणारा प्रत्येक टेबलावर एक असतो. धोतराही झाडावरच येतो. ‘गांजाची सवय लागत नाही’ हेही त्याचंच. घेणाऱ्यांतल्या निदान दहातल्या एकाला लागते. पौगंडात सुरू करणाऱ्यांत सहातल्या एकाला. केंद्र सरकारने एम्सकडून करवून घेतलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात भांग, गांजा, चरस यांपैकी काही घेतलेले देशात सुमारे ३.१ कोटी निघाले. दहातल्या एकाचा हिशेब त्या आकड्याला लावून बघा.

तारीख

पहिल्यांदा मी सोडायला निघालो ते दिवाळीनंतर. मूर्खपणा. सीझन सुरू होतो, रोज नवा पाहुणा, आणि प्रत्येकाच्या खिशात ‘घ्या ना, अंकल’. दुसऱ्यांदा मी जून धरला. मे संपता संपता शॅक उतरतात, किनाऱ्यावर नुसते माडाचे खांब उरतात, पाहुणे जातात. शिवाय पावसाबरोबर शेत लागतं. आमचं थोडंसं भात आहे. तरवा काढायचा, लावायचा, दिवसभर वाकून कंबरेचे काटे ढिले. झोप यायला गोळीपेक्षा ते बरं. तुमच्याकडे शेत नसेल तर घरात जे अवजड काम वर्षभर टाळलंय ते या पंधरवड्यासाठी राखून ठेवा. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आसपासची तारीख घेऊ नका. घर भरलेलं असतं आणि रात्रीच्या भजनानंतर मागच्या अंगणात काय चालतं ते मी सांगायला नको.

आदल्या दिवशी घर साफ. रोलिंग पेपर आईच्या चुलीत गेले. चिलीम फोडली. ती मला एकाने मनालीहून आणून दिली होती, जीव तुटला. उरलेला माल संडासात ओतला. मित्राला देऊ नका. एक तर तो तुम्हालाच परत पाजणार, आणि दुसरं, कायद्याने देणं हाही गुन्हाच. जॅकेटचे खिसे, स्कूटरची डिकी, तबल्याच्या पिशवीचा कप्पा, सगळं बघा. माझ्या तबल्याच्या पिशवीत एक पुडी निघाली, अकराव्या दिवशी, रात्री दीड वाजता. ती रात्र कशी गेली ते मलाच माहीत.

पहिले दहा दिवस

पहिला दिवस सोपा जातो. अंगात साठा असतो, आणि नवा निश्चय म्हणून छाती फुगलेली असते. मी बायकोला म्हटलं, ‘एवढंच होतं होय?’ ती काही बोलली नाही. ती तेरा वर्षं मला ओळखते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून राग. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, आला, भोंपू वाजवला, रोज वाजवतो तसा. मी खिडकीतून त्याच्यावर ओरडलो. पाव न देता तो पुढे गेला आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘कितें रे जालां तुका?’ तेव्हा मी आईला सांगितलं. हे मी आधी करायला हवं होतं. घरातल्यांना तारीख सांगून ठेवा, आणि हेही सांगा की आठवडाभर माझं बोलणं मनावर घेऊ नका. पोदेराची मी नंतर माफी मागितली. त्याला काही आठवतही नव्हतं.

भूक जाते. ओढून ओढून खायची सवय असते, ती गेली की ताट बघून मळमळतं. जबरदस्ती करू नका. मी चार दिवस पेजेवर काढले, सोबत मिठातली तोरं म्हणजे खारवलेल्या कैऱ्या, पाचव्या दिवशी सुंगटांची किसमूर, म्हणजे सुक्या कोळंबीची कोशिंबीर, खाल्ली आणि बरं वाटलं. घाम सुटतो, थंडी वाजते, डोकं दुखतं. चादर दोनदा बदलावी लागली. हे सगळं पहिल्या आठवड्यात सगळ्यात जोरात असतं, आणि दोन-तीन आठवड्यांत उतरतं. त्रास होतो, पण गांजा बंद केल्याने सहसा जिवाला धोका नसतो. दारूचं तसं नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, माणूस जाऊही शकतो. तेव्हा तुम्ही दोन्ही करत असाल तर आधी डॉक्टर, मग तारीख.

झोप हे खरं रणांगण. मला पहिल्या आठवड्यात तीनच्या आधी डोळा लागला नाही. आणि लागला की स्वप्नं! गांजा स्वप्नांची झोप दाबून ठेवतो, तो गेला की ती उसळून वर येते. वारलेले वडील अंगणात बसून स्कूटरच्या किल्ल्या मोजतायत आणि एक कमी भरतेय, हे मी सलग तीन रात्री बघितलं. घाबरू नका. डोकं ठिकाणावर येतंय त्याचीच ती खूण.

झोपेसाठी मी केलं ते असं. कितीही वाजता झोपलो तरी सहाला उठायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही. चार वाजल्यानंतर चहा बंद. रात्री कढत पाण्याने अंघोळ. वीस मिनिटांत झोप नाही आली तर उठून व्हरांड्यात बसायचं, मोबाइल आत ठेवून. आणि न केलेल्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या. एक, झोप यावी म्हणून फेणी नाही. आपल्याकडे हा सल्ला प्रेमाने देतात, ‘एक पेग मार आणि पड’. त्याने झोप तुटकी होते आणि तुम्ही एक खड्डा सोडून दुसऱ्यात. दोन, कोणाच्या घरातली झोपेची गोळी नाही. त्या गोळ्यांची सवय गांजापेक्षा चिवट असते.

सहा वाजता

आता मुद्द्यावर येतो. मला वाटायचं मला गांजा हवाय. रजिस्टरचं मागचं पान नीट बघितलं तेव्हा कळलं, मला संध्याकाळचे सहा हवे होते. सूर्य टेकायला येतो, किनाऱ्यावर ढोल सुरू होतात, स्कूटरी परत येऊ लागतात, दिवसाचं काम संपलेलं असतं आणि रात्रीचं जेवण लांब असतं. त्या तासाला काय करायचं हे अकरा वर्षं मला ठरवावं लागलंच नव्हतं. हात आपोआप कागद शोधायचे. बोटांना वळायची चटक असते, ही गोष्ट डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत.

नुसतं ‘मन गुंतवा’ म्हणून चालत नाही. हातांना काम, डोक्याला थोडं काम, आणि किनाऱ्यापासून लांब, या तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. मी फिरायला जाऊन बघितलं, पाय आपोआप तळ्याच्या वाटेला लागले, जिथे आम्ही बसायचो. टीव्ही बघितला, हात रिकामे राहिले. गरी घेऊन मासे धरायला बसलो, तर तिथे आधीच दोघे ओढत बसलेले.

शेवटी मास्तरांकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की पुढच्या जत्रेला उभं राहायचंय. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग जुनी संहिता काढून दिली आणि म्हणाले, ‘रोज सहा वाजता येऊन नकला उतरव. तुझी नको, सगळ्यांच्या.’ नक्कल म्हणजे एकेका पात्राची वाक्यं वेगळी लिहून काढायची. आता लोक झेरॉक्स मारतात. मी अकरा पात्रांच्या नकला हाताने उतरवल्या, त्यांच्या ओसरीवर, पावसाचा आवाज ऐकत. हाताला पेन, डोक्याला वाक्य, समोर मास्तर. साडेसातला घरी. तुमच्याकडे मास्तर नसतील. पण सहा वाजता तुमची वाट बघणारं कोणीतरी असू द्या, आणि ते माणूस ओढणारं नसावं.

तल्लफ येते तेव्हा वाटतं ती आता जाणारच नाही. घड्याळ लावा. माझी पंधरा-वीस मिनिटांत उतरायची. भरतीच्या लाटेसारखी चढते तशी ओसरतेही. त्या वीस मिनिटांत फक्त जागा बदला.

मित्रांना काय सांगायचं? मी ‘सोडलं’ म्हणून बघितलं. लगेच पैजा लागल्या. दुसऱ्यांदा सांगितलं, ‘छातीत कफ झालाय, डॉक्टरने बंद केलंय.’ कोणी एक शब्द काढला नाही. खोटं बोललो, आणि परत बोलेन.

घसरलात तर, आणि कोणी जास्त खाल्लं तर

एकोणिसाव्या दिवशी मी घसरलो. पावसात राहिलेल्या एका पाहुण्याचा वाढदिवस होता, त्याने बिस्किट पुढे केलं, मी म्हटलं ओढत तर नाही ना. दुसऱ्या दिवशी वाटलं, संपलं, आता परत शून्य. बायको म्हणाली, ‘अठरा दिवस कुठे गेले मग?’ ती बरोबर होती. मी कॅलेंडरवर एकोणिसाव्या चौकोनात फुली मारली आणि विसाव्यापासून पुढे चाललो. घसरलात तर कधी, कुठे, कोणाबरोबर हे लिहा आणि ती वाट बंद करा.

बिस्किटावरून आठवलं. पोटातून गेलेला माल वेगळा वागतो. ओढलं तर काही मिनिटांत कळतं, खाल्लं तर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काहीच नाही, कारण तो आधी यकृतातून जातो आणि तिथे त्याचं आणखी जोरकस रूप होतं. माणसाला वाटतं चढलीच नाही, मग तो दुसरं खातो, आणि दोन्ही एकदम येतात. मग सहा-आठ तास, कधी जास्त. माझ्या खोलीत असा एक पाहुणा रात्रभर होता. छातीवर हात धरून ‘मी मरतोय’ म्हणत होता. नाडी माझ्या बोटाखाली धावत होती. टीएचसीने हृदयाचे ठोके वाढतातच, त्यात भीतीची भर.

अशा वेळी: शांत खोली, मंद दिवा, आवाज बंद. सोबत एकच माणूस, चार नकोत. घोटघोट पाणी. ‘हे उतरणार आहे’ एवढंच परत परत. झोप आली तर कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही. दारू नको, आणि गाडीची किल्ली तुमच्या खिशात. छातीत दुखत असेल, शुद्ध हरपली, फिट आली, श्वास नीट नाही, किंवा तो स्वतःला नाहीतर दुसऱ्याला इजा करू लागला तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा आणि काय खाल्लंय ते खरं सांगा. लहान मुलाने असं बिस्किट वा चॉकलेट खाल्लं असेल तर लक्षणांची वाट न बघता सरळ इस्पितळ. मुलांना त्याने गुंगी येते, श्वासही मंदावू शकतो.

आणि किल्लीचं मी धंद्याच्या अनुभवावरून सांगतो. मी आता स्कूटर देताना आधी डोळे बघतो, मग लायसन्स. ओढलेला माणूस सावकाश चालवतो म्हणून लोकांना तो सुरक्षित वाटतो. पण ब्रेक दाबायलाही तो सावकाशच असतो, आणि आमच्या रस्त्यांवर गाय काही हॉर्न देऊन येत नाही.

डॉक्टरकडे कधी

काहींनी हा लेख बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे जावं. आवाज ऐकू येतात, कोणीतरी पाळत ठेवतंय असं वाटतं, आणि नशा उतरल्यावरही वाटत राहतं, ते. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया वा तसा मोठा मानसिक आजार होता, ते. जोरकस माल रोज घेणाऱ्यांत हा धोका वाढतो, आणि लहान वयात सुरू केलेल्यांत जास्त. आमच्यातल्या एकाला बेकरीचा कॅमेरा आपल्याचकडे बघतोय असं वाटायचं. आम्ही वर्षभर त्यावर हसलो. हसायला नको होतं.

गरोदर बाई, हृदयाचा आजार असलेला माणूस, आणि ज्याला वारंवार उलट्या होतात आणि कढत पाण्याखाली उभं राहिलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, यांनीही. ही उलटी पित्ताची नव्हे. वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्यांना होणारा हा वेगळाच विकार आहे, २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी त्याचं पहिल्यांदा वर्णन केलं. त्यावर खरा इलाज एकच, बंद करणं.

गोव्यात जायचं ते बांबोळीला, गोमेकॉजवळच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजजवळच्या, मानसोपचार संस्थेत, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात. पूर्वी पणजीतलं ‘आल्तिनो’ म्हटलं की लोक वेड्यांचं इस्पितळ म्हणून हसायचे, तीच ही संस्था. मी हरमलहून म्हापसा, पणजी करत तीन बस बदलून गेलो. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दारूवाले दोन, झोप न येणारी एक बाई, आणि आईबरोबर आलेला एक कॉलेजचा पोरगा. मला वाटलं होतं पोलीस बोलावतील. कोणी बोलावलं नाही. एवढा प्रवास नको असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे फोन फुकट आहेत.

पोलिसांचं निघालंच म्हणून. बाहेरून येणाऱ्यांना वाटतं गोव्यात सगळं चालतं. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा इथेही तोच आहे. गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, चरस म्हणजे त्याचा चीक, दोन्हीवर बंदी. नुसता पाला त्या व्याख्येत येत नाही, म्हणून भांगेचं वेगळं. नुसतं सेवन केलं तरी कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात कलम ६४ अ आहे: सेवनाचा वा अल्प मात्रेचा गुन्हा असलेला व्यसनी माणूस आपण होऊन सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढूनही घेतात. हे मला वकिलाने सांगितलं, आणि त्याची फी स्कूटरच्या भाड्यात वळती करून घेतली.

मग काय परत येतं

खोकला आधी वाढला. सकाळी काळपट कफ, पंधरा दिवस. मी घाबरलो, डॉक्टर म्हणाले फुप्फुसं झाडू मारतायत. दीड महिन्याने भजनात वरचा सूर लागला, न खोकता. जेवणाची चव तिसऱ्या आठवड्यात आली. राग सगळ्यात उशिरा गेला. बायकोच्या मते अजून गेलेला नाही.

आठवण हळूहळू. आधी किल्ल्या सापडू लागल्या, मग पाहुण्यांची नावं. जत्रा आली तेव्हा सात महिने झाले होते. मास्तरांनी मला सरदार दिला नाही. दूत दिला, चार वाक्यांचा. प्रेक्षकांत माझ्या अडण्यावर हसलेली तीच पोरं, वर्षभराने उंच झालेली, पुढच्याच चटईवर. मी आत गेलो, मुजरा केला, चारही वाक्यं एका दमात. मग समोरचा सरदार जरा थबकला, जेमतेम श्वासभर, आणि माझ्या तोंडून त्याचं वाक्य निघून गेलं. अकरा नकला उतरवल्या होत्या ना. मास्तर विंगेतून दात ओठ खात होते.